जर्मन हातबॉम्ब : १९१३ चा बिडाचा गोळा हाती असताना दांड्याचा नमुना का काढावा लागला?

पांझराकाठ (धुळे)

नमस्कार. धुळ्यात आम्हा काही इतिहासप्रेमींचा एक अभ्यासवर्ग चालतो आणि त्याच्या पुढच्या बैठकीत पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईवर मला बोलायचे आहे. तोफा, मशिनगन आणि विषारी वायू यांवर मराठीतही बरेच वाचायला मिळते. हातबॉम्बचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. त्या एका ओळीतही विसंगती दिसते, म्हणून हा प्रश्न.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हातबॉम्बच्या बाबतीत जर्मनी इतर सर्वांच्या पुढे होता, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. तसे असेल, तर त्यांच्याकडे तयार असलेला १९१३ चा गोल, बिडाचा नमुना युद्धाचे पहिले वर्ष सरता सरता मागे का पडला आणि त्याच्या जागी लाकडी दांडा लावलेला, पत्र्याच्या डब्याचा, म्हणजे दिसायला कितीतरी ओबडधोबड असा हातबॉम्ब का आला? बरे, तो इतका यशस्वी ठरला म्हणावे, तर १९१७ मध्ये पुन्हा दांडा नसलेला अंडाकृती छोटा नमुना कशासाठी काढला? श्रोत्यांपैकी कोणी हे विचारले, तर माझ्याकडे आज तरी उत्तर नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

असीरगडचा वाटसरू (जळगाव)

प्रश्न रास्त आहे, आणि त्यातली विसंगती वरवरची आहे. ती सोडवण्यासाठी १९१३ चा नमुना कोणासाठी केला होता, हे आधी पाहावे लागते.

सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय सैन्यांत हातबॉम्ब फेकणारे खास शिपाई असत. आपल्याकडेही किल्ल्यांच्या वेढ्यांत तटावरून दारूने भरलेले पेटते हुक्के टाकत असत. पुढे बंदुकांचा पल्ला वाढला, सैन्ये एकमेकांपासून शेकडो मीटरांवरून लढू लागली आणि एकोणिसाव्या शतकात हे शस्त्र वेढ्यांपुरते उरले. ते पुन्हा चर्चेत आले ते १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धामुळे. पोर्ट आर्थरच्या वेढ्यात दोन्ही बाजूंच्या खंदकांमधले अंतर इतके कमी झाले, की मिळेल त्या डब्यांत आणि नळकांड्यांत दारू ठासून दोन्हीकडच्या सैनिकांनी आपापले हातबॉम्ब बनवले. युरोपातल्या लष्करी निरीक्षकांनी याची नोंद घेतली. ब्रिटिशांनी १९०८ मध्ये आपला ‘नंबर १’ स्वीकारला आणि जर्मनांनी पुढे १९१३ चा ‘कुगेलहांडग्रनाटे’, म्हणजे गोल हातबॉम्ब, काढला.

जर्मनांच्या डोळ्यांसमोर मात्र खंदक नव्हते. बेल्जियम आणि फ्रान्सच्या सरहद्दींवरचे काँक्रीटचे किल्ले होते. लिएजसारखे किल्ले घेतल्याशिवाय पश्चिमेकडे वाट मोकळी होणार नव्हती. किल्ला फोडण्याचे काम त्यांच्या सैन्यात ‘पायनियर’ तुकड्यांकडे असे. सुरुंग लावणे, पूल बांधणे, अडथळे तोडणे ही त्यांचीच कामे. १९१३ चा गोळा या पायनियरांचे हत्यार होते, सामान्य पायदळाचे नव्हे. सुमारे ८ सेंटीमीटर व्यास, सुमारे १ किलो वजन, बाहेरून खाचा पाडलेले जाड बीड आणि आत काळ्या दारूच्या जातीचे मिश्रण, अशी त्याची घडण होती. वर पितळी दट्ट्या आणि त्यातून बाहेर आलेला तारेचा फास असे. तार ओढली की घर्षणाने आतली वात पेटे आणि ५ किंवा ७ सेकंदांनी स्फोट होई. तार ओढायला सोपे जावे म्हणून मनगटावर आकडा असलेला चामड्याचा पट्टा बांधत. आकडा फासात अडकवला आणि हात पुढे झोकला, की फेकता फेकताच तार ओढली जाई.

किल्ल्याच्या बुरुजाखालच्या खंदकात टाकण्यासाठी किंवा भिंतीच्या भोकातून आत ढकलण्यासाठी ही घडण उत्तम होती. अडचण आली ती पल्ल्याची. एक किलोचा गोळा सामान्य माणूस पंधरा-वीस मीटरांपलीकडे नीट फेकू शकत नाही, आणि जाड बिडाचे तुकडे मात्र त्याहून कितीतरी लांब उडतात. फेकणारा भिंतीआड असेल तर हरकत नाही. उघड्यावर पुढे धावत जाणाऱ्या सैनिकाला मात्र त्याचाच बॉम्ब जखमी करू शकतो. १९१४ च्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सीमेपासून समुद्रापर्यंत खंदक खोदले गेले आणि हातबॉम्ब प्रत्येक पायदळ सैनिकाला हवा झाला, तेव्हा हा दोष उघडा पडला.

नाना (वरणगाव)

वाटसरूंनी लढाईची बाजू मांडली. मी दारूगोळ्याच्या कारखान्यात आयुष्य काढले, त्यामुळे माझे लक्ष आधी ही वस्तू बनते कशी याकडे जाते. जर्मनांचा निर्णय समजण्यासाठी ही बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते.

खाचांचा बिडाचा पोकळ गोळा म्हणजे ओतकाम. साचा हवा, गाभा हवा, ओतल्यावर सफाई हवी, तोंडाशी आटे पाडायला हवेत, आणि भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का हे तपासायला हवे. शांततेच्या काळात पायनियरांपुरता साठा करायचा असेल, तर हे सगळे परवडते. महिन्याला लाखोंच्या संख्येने माल हवा असेल, तर त्याच ओतशाळांवर तोफगोळ्यांचाही भार असतो आणि हातबॉम्बचा नंबर शेवटी लागतो. म्हणूनच १९१५ मध्ये गोल नमुन्याच्याही खाचा कमी करून त्याची सोपी आवृत्ती काढली गेली. दट्ट्याचे पितळही पुढे राहिले नाही, कारण नाकेबंदीमुळे तांब्याची टंचाई होती. त्याच्या जागी स्वस्त धातू आले.

दांड्याचा हातबॉम्ब पाहा. डोके म्हणजे पातळ पत्र्याचा डबा, जो डबे बनवणारा कोणताही कारखाना करू शकतो. दांडा लेथवर कातलेला, आतून पोकळ लाकडाचा. ते सुताराचे काम. दांड्याच्या पोकळीतून एक दोरी खाली येते, ती ओढली की वरच्या टोकाची घर्षणाने पेटणारी वात सुरू होते आणि साधारण साडेपाच सेकंदांनी डबा फुटतो. यात स्प्रिंग नाही, घोडा नाही, आघाताने फुटणारी टोपी नाही. ब्रिटिशांचा १९१५ चा मिल्स बॉम्ब यांत्रिकदृष्ट्या अधिक हुशार आहे, हे मी मान्य करतो. त्यात पिन काढल्यावरही पट्टी मुठीत दाबून धरता येते आणि हातातून सुटल्यावरच वेळ सुरू होते. जर्मन पद्धतीत दोरी ओढली की वेळ सुरू झालीच. मग विचार बदलायला जागा नाही. त्या बदल्यात सुटे भाग निम्म्याहून कमी, आणि चिखलात अडकून बसेल असा हलता भाग नाही. चित्रपटांत जर्मन सैनिक पिन काढताना दाखवतात तेव्हा मला हसू येते, तो भाग वेगळा.

उत्तम प्रतीची स्फोटके तोफखान्यासाठी राखून ठेवावी लागत होती. चिलीहून येणारा सोरा ब्रिटिश आरमाराने अडवला होता आणि त्याला पर्याय म्हणून हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचा हाबर-बॉश पद्धतीचा कारखाना ओपाऊ येथे १९१३ मध्येच सुरू झालेला, म्हणजे अजून बाळसे धरत होता. अशा वेळी हातबॉम्बच्या वाट्याला दुय्यम मिश्रणे येणार हे ठरलेलेच. पातळ पत्र्याच्या डब्याला ती चालून जातात. डबा फोडायला फारशी शक्ती खर्च होत नाही आणि मोठे डोके असल्याने भरणाही भरपूर मावतो. जाड बीड फोडायचे म्हटले, की अशक्त भरणा चार मोठे तुकडे करून थांबतो. खाचांमुळे तुकडे नीट चौकोनी पडतात ही समजूतही फारशी खरी नाही. मिल्स बॉम्बच्या बाबतीतही बीड आपल्या मनाप्रमाणेच फुटते. खाचांचा खरा उपयोग ओल्या हाताला पकड मिळण्यापुरता.

पांझराकाठ (धुळे)

नाना आणि वाटसरू, दोघांचेही मनःपूर्वक आभार. म्हणजे दांडा हा पल्ला वाढवण्यासाठी होता, असे समजावे का? आपल्याकडे ज्वारीच्या रानात पाखरे हाकलताना गोफणीने साधा खडाही हाताच्या दुप्पट-तिप्पट लांब जातो. श्रोत्यांना हे उदाहरण देता येईल असे वाटते.

तळोदेकर (नंदुरबार)

उदाहरण द्यावे, पण एक दुरुस्ती करून. गोफण हातात राहते आणि खडा एकटाच जातो. इथे दांडाही डब्याबरोबर जातो, म्हणजे त्याचे वजनही फेकावे लागते. तरीही फायदा होतो, कारण जड डोके हातापासून दूर असल्याने हाताची लांबी वाढल्यासारखी होते आणि सुटताना डोक्याचा वेग वाढतो. दुसरा फायदा कमी सांगितला जातो : दांड्याचा बॉम्ब उतारावर घरंगळत परत येत नाही. खंदकाच्या काठावर किंवा डोंगरउतारावर लढताना हे फार मोलाचे आहे. तोटाही त्याच दांड्याचा आहे. अरुंद खंदकात हात मागे नेताना जागा लागते. ब्रिटिशांच्या ‘नंबर १’ ला वेताचा लांब दांडा होता आणि तो आपटताच फुटणारा होता. फेकण्यासाठी हात मागे नेताना तो खंदकाच्या मागच्या भिंतीवर आपटून अपघात झाले, म्हणून पुढे दांडा आखूड करावा लागला. जर्मनांनी वात वेळेवर चालणारी ठेवली, त्यामुळे त्यांचा दांडा भिंतीला लागला तरी लगेच अनर्थ होत नसे.

मूळ प्रश्नातल्या एका गृहीतकाबद्दलही लिहितो, कारण वाटसरूंनी ते तसेच सोडून दिले आहे. जर्मनी ‘पुढे’ होता म्हणजे किती पुढे होता? युद्धारंभी त्यांच्याकडे सुमारे ७०,००० हातबॉम्ब आणि १,०६,००० रायफलवरून उडवायचे ग्रेनेड होते, असा आकडा नेहमी दिला जातो. ब्रिटिशांच्या मानाने हा साठा मोठा आहे, हे खरेच. पण १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीने उभे केलेले सैन्य तीस लाखांवर होते. चाळीस माणसांमागे एकही हातबॉम्ब पडत नाही, आणि तेही पायनियरांच्या गाड्यांत. हिवाळा आला तेव्हा जर्मन पायदळही आघाडीमागच्या कामठ्यांत, म्हणजे तात्पुरत्या कार्यशाळांत, डबे, नळ्या आणि लाकडी फळ्या जोडून तात्पुरते बॉम्ब करत होते. त्यातल्या एका प्रकारात तर ब्रशासारख्या लाकडी फळीवर स्फोटकाची पेटी तारेने बांधलेली असे. माझ्या मते दांड्याच्या नमुन्याचे मूळ या तात्पुरत्या बॉम्बांत शोधले पाहिजे. हातात धरायला लाकूड आणि पुढे स्फोटकाचा डबा ही कल्पना आधी सैनिकांनी गरजेपोटी काढली आणि १९१५ मध्ये लष्कराने तिला नीटनेटके रूप दिले. दूरदृष्टीचे श्रेय द्यायचेच असेल, तर ते थोडे खाली, कामठ्यांतल्या सुतारांपर्यंत पोचू द्यावे.

आपल्या श्रोत्यांना जवळचा वाटेल असा एक दुवाही यात आहे. १९१४ च्या ऑक्टोबरात भारतीय तुकड्या फ्रान्समध्ये आघाडीवर पोचल्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या) २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबरला नव शापेलच्या हल्ल्यात पायदळासारख्या लढल्या आणि त्यांची फार मोठी हानी झाली. जर्मन हातबॉम्बला तोंड देताना आपल्या शिपायांकडे सुरुवातीला मुरंब्याच्या डब्यांत स्फोटक भरून केलेले बॉम्ब होते. पुढे बेथ्यून येथे रॉयल इंजिनियर्समधील बॅटी नावाच्या अधिकाऱ्याच्या नमुन्याप्रमाणे बिडाचे बॉम्ब बनू लागले. २३-२४ नोव्हेंबरच्या रात्री फेस्टुबेअरजवळ ३९ व्या गढवाल रायफल्सचे नाईक दरवानसिंग नेगी यांना ज्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तिच्या अधिकृत नोंदीत त्यांनी अगदी जवळून होणाऱ्या बॉम्ब आणि रायफलींच्या माऱ्याला तोंड देत खंदकाचे एकेक वळण ओलांडले असे म्हटले आहे. खंदक मुद्दाम नागमोडी खोदलेले असत, म्हणून सरळ रेषेत मारणारी रायफल वळणापलीकडे निरुपयोगी ठरे. वळणावरून उंच फेकता येणारे एकच शस्त्र होते, आणि त्या रात्री ते प्रामुख्याने समोरच्यांकडे होते.

असीरगडचा वाटसरू (जळगाव)

तळोदेकर यांचा आक्षेप मला मान्य आहे, फक्त पूर्णपणे नाही. साठा कमी होता, पण वातीची घडण, तिची वेळ आणि ती हाताळण्याचे प्रशिक्षण या गोष्टी पायनियरांकडे तयार होत्या. तात्पुरत्या बॉम्बांत मरणारे अनेकदा बनवणारेच असतात. तयार, भरवशाची वात हाती असणे ही लहान गोष्ट नाही. पायदळाला शिकवायलाही सुरुवातीला हेच पायनियर होते. १९१५ मध्ये उभ्या केलेल्या पहिल्या धडक तुकडीचा पायाही पायनियरच होते आणि त्याच वर्षी तिची सूत्रे कॅप्टन विली रोर यांच्याकडे आली. त्यांच्या पद्धतीत रायफल पाठीवर गेली आणि दोन्ही खांद्यांवरून हातबॉम्बच्या पिशव्या आल्या. धावत पुढे जाणाऱ्या सैनिकाला तुकडे उडवणारा नव्हे, तर दणका देऊन शत्रूला काही क्षण सुन्न करणारा बॉम्ब हवा असतो, म्हणजे तो स्वतः लगेच आत उडी घेऊ शकतो. पातळ पत्र्याचा दांड्याचा बॉम्ब या लढाईसाठी जणू बेतलेलाच होता. काटेरी तारांसाठी किंवा भक्कम आडोशांसाठी एका बॉम्बभोवती आणखी सहा डोकी बांधून एकच मोठा घाव घालण्याची रीतही पुढे रूढ झाली.

मधल्या काळात एक फसलेला प्रयोगही झाला, तोही अभ्यासवर्गात सांगण्यासारखा आहे. १९१५ मध्ये जर्मनांनी चपट्या तबकडीच्या आकाराचा हातबॉम्ब काढला. तो बिडाचा आणि पत्र्याचा अशा दोन जातींत मिळे आणि वातीऐवजी आपटताच फुटे. कल्पना अशी, की शत्रूला तो उचलून परत फेकायला वेळच मिळू नये. ७ सेकंदांची वात असली, की परत फेकले जाण्याची भीती खरी असते. परंतु तबकडी मऊ चिखलात पडली की आघात पुरेसा बसत नसे, आणि फ्लँडर्समध्ये चिखलाला तोटा नव्हता. लवकरच वेळेवर फुटणारी वातच पुन्हा सर्वमान्य झाली.

आता अंडाकृती नमुना. १९१७ चा ‘आयरहांडग्रनाटे’ वजनाला जेमतेम ३०० ग्रॅमच्या थोडा वर होता, म्हणजे १९१३ च्या गोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तो चाळीस मीटरांहून लांब जाई आणि एका पिशवीत दांड्याच्या बॉम्बपेक्षा कितीतरी जास्त संख्येने मावे. स्फोट मात्र लहान. म्हणून तो दांड्याच्या बॉम्बची जागा घ्यायला आलेला नव्हता. दोन्ही बरोबर वापरले जात. लांबचा शत्रू अंड्याने दाबून ठेवायचा आणि खंदकाच्या तोंडाशी पोचल्यावर दांड्याचा टाकायचा, अशी ढोबळ विभागणी होती. श्रोत्यांनी विचारले तर एवढे सांगावे, की बचावासाठी, धावत्या हल्ल्यासाठी आणि लांब पल्ल्यासाठी एकच बॉम्ब पुरत नाही, हे तोवर सर्वच सैन्यांना कळून चुकले होते.

जाता जाता : १९१३ च्या नमुन्यामागचा मूळ हेतू, म्हणजे काँक्रीटच्या किल्ल्यातली लढाई, अखेर १९१६ च्या जूनमध्ये व्हर्दूनजवळच्या व्हो किल्ल्यात प्रत्यक्षात आला. जमिनीखालच्या अंधाऱ्या बोगद्यांत, वाळूच्या पोत्यांच्या आडोशांमागून कित्येक दिवस हातबॉम्बने लढाई चालली. ७ जूनला मेजर रेनाल यांनी किल्ला सोडला तो बॉम्बमुळे नव्हे, तर पिण्याचे पाणी संपल्यामुळे.

पांझराकाठ (धुळे)

अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक मिळाले. एक शेवटची विनंती. बैठकीत दाखवण्यासाठी मी इंटरनेटवरून दांड्याच्या हातबॉम्बचे एक छायाचित्र घेतले आहे आणि त्याखाली ‘१९१६’ असे लिहिले आहे. डोक्यावर जर्मन भाषेत काही ठळक अक्षरे छापलेली दिसतात आणि दांड्याच्या तळाशी फिरकीचे झाकण आहे. ते खरोखर त्या काळातले असेल का?

नाना (वरणगाव)

तुमच्या वर्णनावरून ते बहुधा दुसऱ्या महायुद्धातले, म्हणजे १९२४ च्या नमुन्याचे असावे. सुरुवातीच्या दांड्याच्या बॉम्बची दोरी तळाशी उघडी येत असे. ती कशात तरी अडकून ओढली जाण्याचा धोका असल्याने पुढे, युद्धाच्या उत्तरार्धात, दोरीला चिनी मातीचा मणी बांधून तो फिरकीच्या झाकणाखाली बंद करण्याची पद्धत आली. म्हणजे नुसत्या झाकणावरून १९१६ नाही एवढे म्हणता येते, पण पहिले महायुद्ध नाहीच असे म्हणता येत नाही. डोक्याच्या बाजूला पाहा. पहिल्या महायुद्धातल्या नमुन्यांना कमरेच्या पट्ट्यात अडकवण्यासाठी पत्र्याचा आकडा असतो आणि वातीची वेळ दांड्याच्या लाकडावर उमटवलेली असते. १९२४ च्या नमुन्याला आकडा नाही. त्याच्या डोक्यावर ‘वापरण्यापूर्वी स्फोटक टोपी बसवा’ या अर्थाची सूचना मोठ्या अक्षरांत छापलेली असते, आणि वातही सुमारे साडेचार सेकंदांची आहे. आकडा दिसत नसेल, तर खालची तारीख खोडून टाका.